टोचन लावण्याआधी: दोर, साखळी की दांडा?



पूर्वी पाणंदीत बैलगाडी रुतली की शेजाऱ्याची बैलजोडी आणून पुढे जुंपत, चार गडी चाकाला खांदा देत आणि गाडी निघे. आता कुणाच्या दारात ट्रॅक्टर आहे, कुणाकडे जीप, कुणाकडे भाजीपाल्याची पिकअप, कुणाकडे लहान मोटार. गाडी आली तशी ती बंद पडण्याची आणि रुतण्याची वेळही आली. बंद गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेण्याला आपल्याकडे सगळे 'टोचन लावणे' म्हणतात. पावसाळ्यात तर एकही वस्ती अशी नसेल की जिथे टोचन लावावे लागत नाही.

पण ही तयारी आपण तहान लागल्यावर विहीर खणावी तशी करतो. कुणी गोठ्यातले चऱ्हाट आणतो, कुणी पाण्यातली मोटार वर काढायचा दोर आणतो, कुणी ट्रॉलीची साखळी सोडून घेतो. हाताला लागेल ते बांधायचे आणि 'घे रे पुढे' अशी आरोळी द्यायची! बैलाला ओढ झेपली नाही की तो थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. तो एक तर गाडी काढतो, नाही तर दोर तोडतो. तुटलेल्या दोराचे टोक किंवा निसटलेला हूक गोफणीतल्या दगडासारखा सुटतो, आणि त्या वेळी तमाशा पाहायला पोरेसोरे दोराच्या बाजूलाच उभी असतात. म्हणून टोचनाचे सामान कसे निवडावे याचा विचार घरात बसून, निवांतपणे आणि आधीच केला पाहिजे.

कामे दोन, सामान वेगळे

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की टोचनाची कामे दोन आहेत. बंद पडलेली गाडी चांगल्या रस्त्याने गॅरेजपर्यंत नेणे हे एक काम. चिखलात, ओढ्यात किंवा चारीत रुतलेली गाडी बाहेर काढणे हे दुसरे. दोन्हींत लागणारी ओढ अगदी वेगळी असते.

सपाट डांबरी रस्त्यावर १००० किलोची गाडी चालती ठेवायला साधारण १५ ते २० किलोची ओढ पुरते. दहा फूट चालल्यावर एक फूट चढणारा चढ लागला की त्यात आणखी १०० किलोची भर पडते. हीच गाडी काळ्या रानात चाकाच्या अर्ध्यापर्यंत बसली तर ३०० ते ५०० किलोची ओढ लागू शकते. गाडीचे पोट जमिनीला टेकले असेल तर गाडीच्या वजनाइतकी किंवा त्याहूनही जास्त.

लहान मोटारीचे रिकामे वजन ७०० ते ९०० किलो असते, जीपच्या जातीच्या गाडीचे दीड टनाच्या पुढे. पिकअप मालासकट तीन टनांच्या आसपास जाते. आपल्या गाडीचे भरलेले वजन नोंदणी-पुस्तकात पाहून ठेवावे. सामान निवडताना पुढे ओढणारा ट्रॅक्टर किती घोड्यांचा आहे हे विचारण्याआधी मागच्या गाडीचे वजन किती आणि ती कशात अडकली आहे हे विचारावे.

झटक्याचा हिशेब

दोर तुटतो तो बहुधा झटक्याने. दोर सैल ठेवून ट्रॅक्टर जोरात पुढे घेतला की काय होते ते पाहू. दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटरने निघाला, म्हणजे माणसाच्या चालीने. मागची गाडी चिखलात घट्ट आहे. मध्ये साखळी आहे. साखळी ताणत नाही. हूक आणि पत्रे वाकून सगळे मिळून ५ सेंटीमीटर सरकले असे धरले, तर ट्रॅक्टर तेवढ्यात थांबवण्यासाठी साखळीवर सरासरी ४ टनांची ओढ येते. शेवटच्या क्षणी ती याच्याही पुढे जाते. साखळीच्या जागी अर्धा मीटर ताणणारा नायलॉनचा दोर असता, तर तीच सरासरी ४०० किलोवर उतरली असती. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातला मुद्दा खरा आहे: जे ताणते ते झटका सोसते.

मात्र याची दुसरी बाजू आहे. ताणलेल्या दोरात ती सगळी ताकद साठून राहते. दोर तुटला किंवा गाडीचा हूक उपटला, तर साठलेली ताकद एकदम मोकळी होते. म्हणून ताणणारा दोर हवा, तसाच तो दणकटही हवा.

बाजारात काय मिळते

काथ्या, ताग, अंबाडी आणि घायपात यांचे दोर आपल्या ओळखीचे. मोटेचा नाडा वळताना जुनी माणसे किती काळजी घेत! पण हे दोर भिजून कुजतात, आतून जातात आणि वरून धडधाकट दिसतात. गुरांना, गवताच्या भाऱ्यांना ते उत्तम. टोचनाला नकोत.

'नायलॉन' म्हणून गावोगाव विकली जाणारी रंगीत दोरी पुष्कळदा नायलॉनची नसतेच. ती पॉलिप्रोपिलीनची किंवा तशाच दुसऱ्या प्लॅस्टिकची असते. ती स्वस्त आणि हलकी असते, पण उन्हाने लवकर पिचते आणि घासली की वितळते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दोरीचा तुकडा बादलीत बुडवून आतली हवा दाबून काढावी. तरंगला तर तो नायलॉन नव्हे. खरे नायलॉन आणि पॉलिस्टर पाण्यात बुडतात.

खरे नायलॉन तुटण्याआधी पाचवा ते चौथा हिस्सा लांब होते. त्यामुळे झटका सोसण्यात ते सर्वांत चांगले. भिजल्यावर त्याची ताकद थोडी कमी होते, एवढे ध्यानात ठेवावे. जीपने मोटार ओढायची असेल, म्हणजे दोन्ही गाड्या वेगाच्या असतील, तर नायलॉनचा दोर किंवा पट्टा बरा.

पॉलिस्टरचा चपटा पट्टा हा शेतकऱ्याच्या घराला बहुतेक कामांत पुरतो. यंत्रे उचलण्यासाठी कारखान्यांत वापरतात तोच हा पट्टा. तो कमी ताणतो, पण भिजून कमजोर होत नाही आणि ऊनही बऱ्यापैकी सोसतो. ट्रॅक्टर अगदी सावकाश ओढू शकतो, त्यामुळे त्याच्या मागे कमी ताणणारा पट्टा चालतो. या पट्ट्यांची ताकद रंगावरून ओळखण्याची रीत आहे: जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन, करडा ४ टन, लाल ५ टन. हा आकडा सुरक्षित भाराचा असतो. चांगल्या पट्ट्याची तुटण्याची ताकद त्याच्या सातपट धरलेली असते. रंगावर मात्र विसंबू नये. पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचावी. चिठ्ठी नसेल तो पट्टा घेऊ नये.

दुकानात 'पाच टनी टोचन पट्टा' म्हणून डबीत मिळतो, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारावा: हे पाच टन सुरक्षित भाराचे, की तुटण्याचे? उत्तर मिळाले नाही तर तो आकडा तुटण्याचाच समजावा. साधा नियम असा की लेखी सुरक्षित भार गाडीच्या भरलेल्या वजनापेक्षा कमी नसावा. लहान मोटारीला हिरवा, भरलेल्या पिकअपला पिवळा किंवा करडा.

साखळी घासण्याला आणि दगडधोंड्याला दाद देत नाही, हा तिचा गुण. झटका मुळीच सोसत नाही, हा दोष. घ्यायचीच तर वजन उचलण्याच्या दर्जाची घ्यावी. तिच्या कड्यांवर ८ किंवा ८० असा आकडा उठवलेला असतो. या जातीच्या ८ मिलिमीटर साखळीचा सुरक्षित भार २ टन, आणि १० मिलिमीटरचा ३ टनांहून थोडा अधिक. दाराला किंवा गुरांना बांधायच्या साखळीवर असा आकडा नसतो, ती टोचनाला लावू नये. कडीची जाडी झिजून दहावा हिस्सा कमी झाली की साखळी बाद. तुटलेली साखळी साध्या नट-बोल्टने जोडणे म्हणजे पुढच्या अपघाताची जागा ठरवून ठेवणे.

पोलादी तारदोर क्रेनला शोभतो. तो ताणत नाही, त्याच्या तुटक्या तारा हात फाडतात, आणि तुटला तर तो चाबकासारखा येतो. घरगुती टोचनासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

लोखंडी दांडा, ज्याला गॅरेजवाले टो-बार म्हणतात, तो फक्त रस्त्यावर नेण्यासाठी. दांड्यामुळे दोन गाड्यांतले अंतर कायम राहते. पुढची गाडी थांबली की मागची तिच्यावर आदळत नाही. पण दांडा झटका सोसत नाही, म्हणून चिखलातून काढायला तो वापरू नये. गावातल्या वेल्डरकडून करून घ्यायचा असेल तर जाड नळी वापरावी, वेल्डिंग सगळ्या बाजूंनी पूर्ण असावे, आणि दोन्ही टोकांना पिनेला सुटू न देणारी क्लिप असावी. दांड्याला बांधकामाच्या सळईचा वाकवलेला हूक लावून घेऊ नये. ओढ आली की तो उघडतो.

गाठ नको, शॅकल हवे

दोराला गाठ मारली की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. ओढ बसलेली गाठ नंतर सुटतही नाही. म्हणून टोकांना शिवलेला किंवा गुंफलेला फास असलेलाच पट्टा किंवा दोर घ्यावा आणि तो शॅकलने अडकवावा. शॅकलवरही सुरक्षित भार उठवलेला असतो. सव्वातीन टनांची दोन शॅकल पिकअपपर्यंतच्या कामाला पुरतात. पिन पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घ्यावी, म्हणजे ओढीनंतर ती अडकून बसत नाही. उघडा हूक वापरायचा झाला तर त्याच्या तोंडाला चाप हवा. हुकाचे तोंड पूर्वीपेक्षा फाकलेले दिसले तर तो ठोकून परत वाकवू नये, भंगारात टाकावा.

पट्टा, शॅकल, पिन, गाडीचा हूक, यांतले जे सर्वांत कच्चे, तिथेच तुटणार. दहा टनी पट्टा आणून तो साध्या बोल्टात अडकवला तर पैसे वाया गेले.

कोठे अडकवावे

नव्या मोटारींना समोर हूक दिसत नाही. बंपरवर एक लहान चौकोनी झाकण असते. त्याच्या आत आटे असतात, आणि आट्यांत बसवायचा डोळा जॅक-पान्याच्या सामानात असतो. तो आजच शोधून ठेवावा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, हे गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावे. डोळा शेवटपर्यंत आवळून बसवावा. अर्धवट बसवला तर उपटून येतो. जीप-पिकअपला चासीवर पक्के हूक असतात. बंपर, स्टिअरिंगचे दांडे आणि पुढचा ॲक्सल यांना कधीही दोर बांधू नये.

मोटारीचा हा डोळा सपाट रस्त्यावर नेण्यापुरता केलेला असतो. पोटापर्यंत रुतलेली गाडी त्याच्यावर जोर देऊन उपटण्यासाठी तो नाही.

ट्रॅक्टरच्या बाजूला दोर फक्त खालच्या ड्रॉबारला किंवा हुकाला लावावा. ही गोष्ट जिवाची आहे, म्हणून दोनदा वाचावी. वरच्या टॉप लिंकला, सीटखालच्या भागाला किंवा मागच्या ॲक्सलला दोर बांधला, तर ओढ उंचावर बसते. मागची चाके अडतात आणि इंजिन ट्रॅक्टरचे पुढचे तोंडच वर उचलते. ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. चालकाला उडी मारायला वेळ मिळत नाही.

रुतलेली गाडी काढताना

आधी फावडे, मग ट्रॅक्टर. चाकांपुढची माती उकरावी, पोटाखाली चर काढून चिकटलेली माती सोडवावी, वाट तिरपी करावी. चाकांखाली मुरूम, पऱ्हाट्या, तुराट्या किंवा जुनी पोती टाकावीत. भरलेला माल उतरवावा. अर्ध्या तासाच्या या मेहनतीने ओढ पुष्कळ उतरते आणि सामान वाचते. जमेल तिथे गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने मागे काढावी, कारण ती वाट चाकांनी आधीच मोकळी केलेली असते.

इथे पट्टा आठ-दहा मीटर लांब हवा, म्हणजे ट्रॅक्टर कडक जमिनीवर उभा राहतो. पट्ट्याच्या मध्यावर ओले जड गोणपाट टाकावे. तुटला तर ते टोकाला खाली पाडते. सगळ्या माणसांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी दूर आणि ओढीच्या रेषेत न येता उभे राहावे. पोरांना आवरण्याचे काम घरातल्या एका मोठ्या माणसाकडे सोपवावे. हुकूम एकाच माणसाने द्यायचा, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचे. ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरमध्ये घेऊन आधी पट्टा हळू ताणून घ्यावा, मग सावकाश ओढावे. निघत नसेल तर थांबावे, पुन्हा उकरावे. झटके देऊ नयेत.

रस्त्यावर नेताना

१९८९ च्या रस्ता-नियमांत टोचनासाठी पक्की कलमे होती. ओढायची ती बिघडलेली गाडी, आणि तीही जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दोर इतरांना ठळक दिसला पाहिजे. मागच्या गाडीत परवाना असलेला चालक हवा. तिच्या मागे पांढऱ्या पाटीवर ७५ मिलिमीटर उंच काळ्या अक्षरांत इंग्रजीत 'ऑन टो' असे लिहिलेले हवे. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत हवा. २०१७ साली त्या नियमांच्या जागी नवे नियम आले, पण या सवयी तशाच ठेवाव्यात. दोर चार-पाच मीटरचा, मध्ये तांबडे फडके, मागे पाटी आणि वेग ताशी २० च्या आत. रात्री शक्यतो टोचन लावूच नये.

मागच्या गाडीचे इंजिन बंद असले की ब्रेकला जास्त जोर लागतो आणि स्टिअरिंग जड होते. चावी फिरवून स्टिअरिंगचे कुलूप मोकळे करून घ्यावे, गाडी न्यूट्रलला ठेवावी, हॅन्डब्रेक सोडावा. दोर ताणलेला ठेवण्याची जबाबदारी मागच्या चालकाची. त्याने अधूनमधून हलका ब्रेक लावत राहावे. म्हणून मागे नवशिक्या पोराला बसवू नये. पुढची गाडी मागच्यापेक्षा जड असावी. ब्रेकच नसलेली गाडी दोराने ओढू नये, तिला दांडा किंवा क्रेन लागते. घाटाच्या उतारावर तर दोराचा विचारही नको.

काही गाड्यांना टोचन मुळीच नको. आपोआप गिअर बदलणाऱ्या, चारही चाकांना जोर असणाऱ्या आणि विजेवरच्या गाड्या चाके जमिनीवर ठेवून ओढल्या तर आतले गिअर किंवा मोटार खराब होऊ शकते. त्यांचे पुस्तक पाहावे आणि गाडी वाहून नेणारे वाहन बोलवावे. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. आपल्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतली आहे का, तेही पाहून ठेवावे.

घरात काय ठेवावे

पाच मीटरचा एक पट्टा रस्त्यासाठी, दहा मीटरचा एक चिखलासाठी, दोन्ही गाडीच्या वजनाला साजेसे. दोन शॅकल, गाडीचा डोळा, फावडे, तांबडे फडके, पांढरी पाटी, जाड हातमोजे आणि एक गोणपाट. ट्रॅक्टर असलेल्या चार घरांनी वर्गणी काढून एक संच घेतला तरी सगळ्या वस्तीचे काम भागते.

काम झाल्यावर पट्टा स्वच्छ पाण्याने धुवावा, कारण आत शिरलेली वाळू धाग्यांना कापत राहते. सावलीत वाळवून खुंटीला टांगावा. बॅटरीच्या ॲसिडाजवळ, खताच्या पोत्यांजवळ किंवा उंदीर फिरतात तिथे ठेवू नये. वापरण्याआधी दर वेळी हात फिरवून पाहावा. कडा कापलेली, शिवण उसवलेली किंवा धागे वितळून कडक झालेले दिसले तर पट्टा बाद. तो गवताचे भारे बांधायला द्यावा, पण आधी त्याचे फास कापून टाकावेत. नाही तर अडचणीच्या रात्री कुणीतरी तोच पुन्हा ट्रॅक्टरला लावील.

आणि हा संच दुसऱ्या कामाला देऊ नये. पट्ट्याने विहिरीतली मोटार काढायची नाही, त्याला म्हैस बांधायची नाही. पावसाळा सुरू होण्याआधी एका सकाळी तो बाहेर काढून घरातल्या सगळ्यांना दाखवावा: हा कोठे अडकवायचा, कोठे नाही, आणि ओढ बसली की कोणी कोठे उभे राहायचे. गाडी उद्याही काढता येते. माणसाचे तसे नाही.